वर्ग भरले, कॉलेज राहून गेले

महाराष्ट्रात बारावीचा निकाल १६ जुलै २०२० रोजी लागला, तेव्हा राज्यात ९०.६६ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले होते. पेढे घेऊन शेजारच्या घरी जावे की नाही, असा प्रश्न पडण्याचे ते दिवस. त्या निकालावर धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरसारख्या गावांतून मुले-मुली पदवीच्या पहिल्या वर्षाला गेली. 'गेली' हे आपले सवयीने म्हणायचे. प्रत्यक्षात ती कुठेच गेली नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रथम वर्षाचे वर्ग १ नोव्हेंबर २०२० पासून सुरू करण्याचे वेळापत्रक दिले, पण ते वर्ग भरले घरातल्या मोबाइलवर. वडील शेतातून येईपर्यंत थांबायचे, फोन हातात आला की राहिलेला तास पाहायचा आणि रेंज गेली की गच्चीवर चढायचे, हे अनेकांचे पहिले वर्ष.

त्यांच्या पाठोपाठ आलेली तुकडी आणखी वेगळी. २०२१ मध्ये बारावीची परीक्षाच रद्द झाली. दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के धरून ३ ऑगस्टला निकाल लागला, तो ९९.६३ टक्के. या दोन्ही तुकड्यांना लोकांनी 'कोरोना बॅच' असे नाव ठेवले. 'घरी बसून पास झाले' हा टोमणा या मुलांनी नातेवाइकांकडून ऐकला, नोकरीच्या मुलाखतीतही अनेकांना तो टाळता आला नाही. आता साथ ओसरली आहे, ती मुले पदवीधर झाली आहेत आणि विषय संपल्यासारखा वाटतो. तो संपलेला नाही. त्या काळात पहिल्या वर्षाचे नेमके काय हरवले हे नीट पाहिले, तर आज सोनगीरहून धुळ्याला जाणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांचेही काही प्रश्न उलगडतात.

वीस किलोमीटरचे शिक्षण

सोनगीर हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे, किल्ल्याच्या पायथ्याचे गाव. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात ओळखले जाणारे. धुळे शहर इथून सुमारे २० किलोमीटर. शाळा संपली की पुढच्या शिक्षणासाठी धुळ्याची वाट धरायची, हा परिसरातला नेहमीचा रिवाज. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. १९९० मध्ये हे विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा खानदेशच्या मुलांना पदवीसाठी पुण्याच्या विद्यापीठाकडे पाहावे लागू नये, हाच हेतू होता.

पण विद्यापीठ जवळ आले म्हणून विद्यार्थी आपोआप त्याचा होत नाही. घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जात असेल, तर त्याला विचारायला घरी कुणी नसते. शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा, प्रात्यक्षिकाचे जर्नल कुणाकडून तपासून घ्यायचे, एटीकेटी म्हणजे काय, कोणते सर वर्गाबाहेरही समजावून सांगतात, ग्रंथालयातून पुस्तक घरी नेता येते का, या प्रश्नांची उत्तरे माहितीपुस्तिकेत नसतात. असली तरी ती वाचून कुणी शिकत नाही. ती मिळतात बसमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात, कँटीनच्या बाकावर आणि वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात. सकाळच्या एसटीत शेजारी बसलेला टीवायचा मुलगा सहज बोलता बोलता जे सांगतो, त्यावर एफवायच्या मुलाचे निम्मे वर्ष निभावते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये विद्यार्थी कॉलेज मध्येच का सोडतात याची मांडणी केली. विद्यार्थी दोन प्रकारे संस्थेत मुरतो, असे त्यांचे म्हणणे. एक अभ्यासातून, दुसरे माणसांतून. दोन्हींपैकी एक बाजू लंगडी पडली तरी तो बाहेर पडण्याची शक्यता वाढते. महामारीत अभ्यासाची बाजू कशीबशी मोबाइलवर चढवली गेली. माणसांची बाजू चढवता येण्यासारखी नव्हती आणि ती चढवायला हवी, हे बहुतेकांच्या ध्यानातही आले नाही.

विषाणूपेक्षा एकटेपण

याचा परिणाम किती झाला, याचे एक चांगले मोजमाप अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात झाले. तिथल्या संशोधकांनी पहिल्या वर्षाच्या ४१९ विद्यार्थ्यांची मानसिक स्थिती महामारीच्या आधी नोंदवलेली होती. साथ सुरू झाल्यानंतर चार महिन्यांच्या आत त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा तेच प्रश्न विचारण्यात आले. मध्यम ते तीव्र चिंतेची लक्षणे असलेल्यांचे प्रमाण १८.१ टक्क्यांवरून २५.३ टक्क्यांवर गेले होते. नैराश्याच्या अशाच लक्षणांचे प्रमाण २१.५ वरून ३१.७ टक्क्यांवर. म्हणजे पूर्वी साधारण पाचातला एक विद्यार्थी खचलेला होता, आता तिघांतला एक.

अभ्यासातला अधिक महत्त्वाचा निष्कर्ष पुढे आहे. स्वतःला किंवा घरातल्या कुणाला कोविड होणे, रुग्णालयात दाखल व्हावे लागणे किंवा काम कमी होणे, यांच्याशी ही वाढ जोडलेली आढळली नाही. ती जोडलेली होती दूरस्थ शिक्षणातल्या अडचणींशी आणि लोकांपासून तुटण्याशी. हे निष्कर्ष २०२१ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचे आकडे धुळ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ते विद्यार्थी निदान एक सत्र प्रत्यक्ष कॉलेजात राहिलेले होते. खानदेशातल्या २०२०च्या तुकडीला तेवढेही मिळाले नाही. शिवाय इथे अनेक घरांत आजार आणि बुडालेला रोजगार यांचा घाव मोठा होता. मे २०२० मध्ये याच महामार्गावरून मध्य प्रदेशाच्या सीमेकडे पायी निघालेल्या मजुरांच्या रांगा या मुलांनी पाहिल्या होत्या. तरीही त्या अभ्यासाने दाखवलेली दिशा महत्त्वाची आहे. अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्या वर्षात सावरून धरते ते आसपासच्या माणसांचे जाळे, आणि ते तुटले की घरात सगळे सुखरूप असतानाही तो आतून ढासळू शकतो.

पुसट ओळखींचे बळ

'घरचे होते ना सोबत, मग एकटेपण कसले?' हा प्रश्न पालक हमखास विचारतात. त्याचे उत्तर समाजशास्त्रात १९७३ पासून आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी त्या वर्षी दाखवून दिले की नवी माहिती आणि नव्या संधी माणसाला जिवलगांकडून कमी आणि जुजबी ओळखीच्या लोकांकडून जास्त मिळतात. जिवलगांना जे माहीत असते, ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. नवे काही येते ते पुसट ओळखींतून. पुढे २०१४ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी विद्यार्थ्यांच्या रोजच्या भेटीगाठींचा हिशेब ठेवला. ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वर्गमित्रांशी चार शब्द बोलणे झाले, त्या दिवशी विद्यार्थ्यांना अधिक आनंदी आणि 'इथले' वाटत होते. हे वर्गमित्र घट्ट दोस्त असण्याचीही गरज नव्हती.

महामारीत नेमके हेच गेले. जिवलग मित्र फोनवर होते, आईवडील समोर होते. हरवली ती मधली सगळी माणसे: शेजारच्या बाकावरचा, ओळखपत्र पाहून आत सोडणारा शिपाई, प्रयोगशाळेत बीकर कसे धरायचे ते दाखवणारे सहायक, बसस्टँडवर रोज दिसणारी दुसऱ्या कॉलेजची मुलगी. मोबाइलवरच्या तासाला ६० नावे दिसत, पण ती नावेच. तास संपला की पडदा काळा. तास सुटल्यानंतर दारात रेंगाळत 'तुला कळलं का रे काही?' असे विचारण्याची सोय त्यात नव्हती. आणि 'मलाही नाही कळलं' हे उत्तर ऐकण्याची तर नव्हतीच. त्यामुळे न समजणारा प्रत्येक जण असे समजून चालला की आपणच ढ आहोत.

शरीरावरही त्याचा परिणाम होतो. सकाळी ठरावीक वेळी उठणे, उजेडात चालणे, बसच्या मागे धावणे यांनी झोपेचे घड्याळ जागेवर राहते. या वयात मुळातच झोप उशिरा येते. सकाळची घाई नाहीशी झाली की रात्रीचे जागरण वाढते, दिवसाचा आळस वाढतो, मन लागत नाही आणि मन लागत नाही म्हणून पुन्हा फोन हातात येतो. घरच्यांना दिसतो तो फोन, त्यामागची साखळी दिसत नाही.

नुकसान सगळ्यांचे सारखे नव्हते

ऑनलाइन शिक्षणाने काहींचा फायदाही केला, हे मान्य करायला हवे. बसभाडे वाचले. तासाचे चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहता आले. वर्गात तोंड न उघडणाऱ्या एखाद्या बुजऱ्या मुलाने चॅटमध्ये प्रश्न लिहिला. घरच्या कामाला हातभार लावत शिकणाऱ्यांना ते सोयीचे गेले. पण ही सोय कुणाच्या वाट्याला आली, हे पाहिले पाहिजे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या ७५व्या फेरीनुसार देशातल्या ग्रामीण भागात इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे १४.९ टक्के होती, शहरांत ४२ टक्के. संगणक असलेली ग्रामीण कुटुंबे तर अवघी ४.४ टक्के. नंतर स्वस्त मोबाइल आणि रिचार्जमुळे चित्र बदलले, पण एका घरात एक फोन आणि शिकणारी भावंडे तीन, ही स्थिती २०२० मध्ये खेड्यापाड्यांत सर्रास होती.

दुसरी दरी भाषेची. खानदेशातल्या अनेक मुलांची घरची बोली अहिराणी, शाळेची मराठी आणि विज्ञान शाखेतल्या पदवीच्या पुस्तकांची इंग्रजी. वर्गात शिक्षक मुलांचे चेहरे पाहून मराठीत उतरतात, मधेच अहिराणीतला एखादा शब्द टाकून हशा पिकवतात आणि अवघड संकल्पना सोपी होते. कॅमेरे बंद असलेल्या तासात शिक्षकाला चेहरेच दिसत नव्हते. मग स्लाइडवरची इंग्रजी वाक्ये वाचली जात. बारावीपर्यंत पहिल्या बाकावर बसलेली मुले त्यात कधी मागे पडली, हे कुणाला कळलेही नाही.

तिसरी दरी मुलींची आहे आणि ती सर्वांत खोल आहे. मुलगी कॉलेजला जाते, तेव्हा सकाळी आठ ते दुपारी दोन हा वेळ तिचा असतो. कॉलेज घरात आले की तो वेळ स्वयंपाकघराचा, धाकट्या भावाचा, पाणी भरण्याचा होतो. महामारीच्या आधी, २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयोगटातल्या ज्या स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले, त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते. धुळे जिल्ह्यात सुमारे ४० टक्के. ज्या जिल्ह्यात ही स्थिती, तिथे बारावीनंतरचे पहिले वर्ष मुलीसाठी निर्णायक असते. 'कॉलेज चालू आहे' हे लग्नाची बोलणी पुढे ढकलण्याचे तिच्याकडचे सर्वांत भक्कम कारण. कॉलेज दिसतच नसेल, तर ते कारणही उरत नाही.

कॉलेज उघडले, बस थांबली

परतण्याची वाटही सरळ नव्हती. १५ फेब्रुवारी २०२१ पासून ५० टक्के उपस्थितीने महाविद्यालये उघडण्यास परवानगी मिळाली आणि मुलांना वर्गाचे दार दिसते न दिसते तोच दुसरी लाट आली. मग २० ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा सुरुवात झाली, पण अट होती लशीच्या दोन्ही मात्रांची. १८ वर्षांखालील मुलांसाठी लसीकरण तेव्हा सुरूच झाले नव्हते. १५ ते १८ वयोगटाला ते खुले झाले ३ जानेवारी २०२२ रोजी. प्रथम वर्षात सतरा वर्षांची मुले असतात, हे ज्यांनी प्रवेश दिले त्यांना ठाऊक होते.

त्यातच ऑक्टोबरच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये तो राज्यभर पसरला. कामगारांच्या मागण्या त्यांच्या जागी होत्या. पण सवलतीच्या पासवर धुळ्याला जाणाऱ्या मुलांपुढे रोजच्या काळी-पिवळीचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न उभा राहिला. संप पूर्ण मिटायला एप्रिल २०२२ उजाडले. मधे जानेवारीत ओमायक्रॉनच्या लाटेमुळे महाविद्यालये पुन्हा बंद झाली होती. म्हणजे २०२०च्या तुकडीतल्या सोनगीरच्या एखाद्या मुलीचे पहिले आणि दुसरे, अशी दोन्ही वर्षे कॉलेजच्या दाराशी येऊन परत फिरण्यात गेली. तिसऱ्या वर्षी ती प्रयोगशाळेत आली, तेव्हा वय टीवायचे आणि सराव एफवायचाही नाही, अशी तिची गत होती. तिला 'घरी बसून पास झालेली' म्हणणे हा अन्याय आहे.

एका तासाचे औषध आणि त्याच्या मर्यादा

हे सगळे आज सांगण्याचे कारण आहे. महामारी गेली, पण तिने लावलेली एक सवय राहिली. नावापुरता प्रवेश घ्यायचा, नोट्स व्हॉट्सअॅपवर मागवायच्या आणि परीक्षेपुरते कॉलेजला जायचे. रिकामे वर्ग पाहून प्राध्यापक मुलांना दोष देतात आणि मुले प्राध्यापकांना. मधल्या मध्ये गावाकडून आलेला पहिल्या पिढीचा विद्यार्थी आजही तसाच एकटा पडतो. फरक इतकाच की आता त्याला टाळेबंदीचे कारणही देता येत नाही.

यावर उपाय महागडा नाही. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा प्रयोग मांडला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुमारे तासाभराच्या सत्रात वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले. 'सुरुवातीला इथे आपले कुणी नाही असे वाटते, सगळ्यांनाच वाटते, आणि ते हळूहळू जाते', एवढाच त्यांचा मथितार्थ. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारले आणि गौरवर्णीयांशी असलेली त्यांची दरी जवळपास निम्म्याने घटली. पुढे २२ संस्थांतल्या सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांवर हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर तपासला गेला. २०२३ मध्ये आलेला त्याचा निष्कर्ष अधिक खरा आहे. जिथे मुलांना आपलेसे वाटण्याची प्रत्यक्ष संधी संस्था देत होती, तिथेच हा उपाय लागू पडला. नुसते 'घाबरू नकोस' म्हणून भागत नाही. बसायला जागा आणि बोलायला माणूसही असावा लागतो.

आपल्याकडे कागदावर हे सारे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' नावाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागत-परिचयाची मार्गदर्शिका काढली. नॅकच्या मूल्यांकनासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला मार्गदर्शक शिक्षक नेमल्याची नोंद ठेवावी लागते. पण अनेक ठिकाणी दीक्षारंभ म्हणजे सभागृहातली भाषणे आणि मार्गदर्शक म्हणजे फायलीतली यादी. ही यादी जिवंत करायला चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, एकाच गावाहून किंवा एकाच बसने येणाऱ्या जुन्या आणि नव्या विद्यार्थ्यांची जोडी प्रवेशाच्या दिवशीच लावून द्यावी. सोनगीर, नरडाणा, शिरपूर अशी बसमार्गाप्रमाणे यादी करायला कार्यालयात एक दुपार पुरे. दुसरी, पहिल्या सहा आठवड्यांत सलग आठवडाभर न दिसलेल्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक शिक्षकाने स्वतः फोन करावा. 'उपस्थिती कमी आहे' असे बजावण्यासाठी नको. 'बरा आहेस ना?' एवढे विचारण्यासाठी. तिसरी, तास आणि प्रात्यक्षिके बसच्या वेळा पाहून लावावीत, म्हणजे गावच्या मुलांना ग्रंथालयात आणि राष्ट्रीय सेवा योजनेत वेळ घालवता येईल. पुसट ओळखी तिथेच होतात. चौथी, पहिल्या सत्रात एक तास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना द्यावा. 'कोरोना बॅच'मधून निघालेल्या माजी विद्यार्थ्यांना त्यासाठी जरूर बोलवावे. कॉलेज नसले की काय होते, हे त्यांच्याइतके कुणी सांगू शकणार नाही.

पालकांच्या वाट्यालाही थोडे काम आहे. मुलाची झोप, जेवण, बोलणे यांत दोन आठवड्यांहून जास्त काळ बदल दिसला, तो मित्रांना टाळू लागला, 'माझ्याने होणार नाही' असे वारंवार म्हणू लागला, तर आळस म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांशी बोलावे. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे मुलाच्या बोलण्यात आले, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्यावे आणि एकटे सोडू नये.

विषाणूवर लस निघाली आणि तिचा हिशेब चोख ठेवला गेला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला टिकवून धरणारी माणसांची लस मात्र कुणी मोजत नाही, म्हणून ती चुकली तरी कुणाला जाब द्यावा लागत नाही. पुढच्या जूनमध्ये नवी तुकडी सोनगीरच्या थांब्यावर सकाळच्या बसची वाट पाहत उभी राहील. तिच्यातले किती जण दिवाळीनंतरही त्याच थांब्यावर दिसतात, एवढी एक नोंद प्रत्येक महाविद्यालयाने ठेवायला सुरुवात केली, तरी बरेच काही बदलेल.